अक्कांचं उशिराचं आमेन

अक्का, तुम्हाला मातीच्या स्वाधीन केलं त्या दुपारी पाळकांनी शेवटची प्रार्थना संपवली आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात आमेन म्हटलं. लोक गाड्यांच्या किल्ल्या शोधू लागले. मी मात्र जागची हलले नाही. इतक्या वर्षांची सवय होती. तुमच्या बनशंकरीच्या घरी रविवारच्या प्रार्थनेत आधी सगळ्यांचं आमेन होऊन जायचं, कुणीतरी खोकायचं, कुणी पर्सची चेन ओढायचं, आणि मग मागच्या वेताच्या खुर्चीतून तुमचं आमेन यायचं, शेवटची बस पकडून आलेल्या पाहुण्यासारखं. कधी कधी तर यायचंच नाही. त्या दुपारीही मी त्याची वाट बघत उभी राहिले. अजयनं माझ्या कोपराला हात लावला, तेव्हा तुम्ही खरंच गेलात हे मला कळलं.

तुमचं जन्मगाव, तुमची नोकरी, तुमच्या मागे कोण कोण आहे, हे सगळं तुमच्या लेकानं पेपरातल्या निधनवार्तेत व्यवस्थित छापलंय. फोटोही चांगला निवडलाय, तो निळ्या साडीतला. त्यातलं मला काही लिहायचं नाही. आपलं बोलणं अर्धवट राहिलंय, ते पुढे न्यायचं आहे. भांडायचं आहे म्हणा हवं तर. तुम्हाला भांडण चालायचं, फक्त चहा आधी लागायचा.

मी आणि अजय पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा पुण्याहून बेंगळुरात येऊन आम्हाला जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. बेळ्ळंदूरला घर, बेळ्ळंदूरलाच ऑफिस, दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. बनशंकरीत एका अक्कांकडे रविवारी मराठीत प्रार्थना असते असं कुणीतरी सांगितलं, आणि रिंगरोडच्या गर्दीतून तासन् तास रखडत आम्ही पोचलो. एक काका वचन समजावून सांगत होते, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर मागून एक शांत आवाज येत होता. मला तो ‘सॉरी’ असा ऐकू आला. काका म्हणाले, देव दयाळू आहे. सॉरी. काका म्हणाले, आपण एकमेकांचं ओझं वाहावं. सॉरी. मी अजयच्या कानात विचारलं, “या आजींनी एवढं केलंय तरी काय?” तो म्हणाला, “तू गप्प बस.” पण त्याच्या पोटात हसू मावत नव्हतं, ते मला दिसत होतं.

नंतर चहाच्या वेळी तुम्हीच खुलासा केलात. तुमचं बालपण निपाणीकडचं, पुढची सगळी वर्षं बेंगळुरातली. मराठी घरापुरती आणि देवापुरती राहिली होती, आणि तिच्यातही कन्नड येऊन बसलं होतं. “सॉरी न्हवं गं, सरी,” तुम्ही म्हणालात. “सरी म्हणजे बरं, ऐकलं. भाजीवाल्याला नाही का म्हणत आपण? सरी अण्णा म्हणायचं आणि पुढच्या गाड्यावर भाव बघून यायचं.”

“मग आमेन?”

“आमेन म्हणजे सही. ती मी वाचल्याबिगर करत नाही.”

तुमच्या निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी करतो, मी जातो’ असं बोलतात, त्याचीही मला तेव्हा गंमत वाटली होती. आता लिफ्टमध्ये कुणी बाई ‘मी येतो हां’ म्हणाली की मान आपोआप वळते.

आमेन न म्हणण्याचा तुम्हाला शौक होता, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलंय. जेवणाआधीची तरुण पोरांची प्रार्थना लांबली तर तिलाही सरी. गिटारवरचं ते नवं गीत आलं तेव्हा तुम्ही किती महिने तोंड मिटून बसलात. मग एकदा स्वयंपाकघरात तुम्ही तेच गुणगुणत कुकर लावत होतात आणि मी दारात उभी होते. “शब्द बघितले,” तुम्ही मागे न वळता म्हणालात. “चांगले आहेत. चाल स्वल्प उड्या मारतीय, पण असू दे.” एका गीताला एवढा वेळ लागतो का अक्का? पण पुढच्या रविवारी सगळ्यांत मोठा आवाज तुमचा होता, हेही खरं.

आता त्या संध्याकाळकडे येते. हे आपण दोघींनी एकदाच नीट बोलून काढलं आणि मग झाकून ठेवलं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तपासण्या, इंजेक्शनं, पुन्हा तपासण्या. त्या दिवसांत रोज सकाळी मी मोबाईलवर एका उपदेशकाचं ध्यान ऐकायची. सगळे त्यांना नुसतं ब्रदर म्हणायचे, मीही तेवढंच लिहिते. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. डोळे उघडल्याबरोबर आभार मान, असं ते सांगायचे, आणि तसं केलं की मला अंथरुणातून उठता यायचं. ते बेंगळुरात येणार असं कळलं तेव्हा त्यांना तुमच्या घरी बोलवायचा हट्ट माझाच होता. तुम्ही म्हणालात, “येऊ दे की. चहा तर सगळ्यांनाच मिळतोय इथं.”

त्या दिवशी तुमची खोली गच्च भरली होती. ब्रदर छान बोलले. तुम्ही मागून सरी, सरी म्हणत होतात, आणि त्यांची माझ्यासारखीच गफलत झाली. ते बोलता बोलता थांबले, त्यांचे डोळे भरून आले, ते गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत आले आणि तुमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बहीण, प्रभूनं तुझा पश्चात्ताप ऐकला.” खोलीतल्या निम्म्या लोकांनी ओठ दाबून धरले. तुम्ही त्या हाताखाली शांत बसून राहिलात आणि म्हणालात, “सरी.”

मग त्यांनी मला आणि अजयला खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसवलं. पुढच्या वर्षी याच दिवसांत यांच्या मांडीवर बाळ असेल, असं प्रभू मला दाखवतोय, ते म्हणाले. सगळ्यांनी एका मनानं आमेन म्हणा, एकानंही शंका धरली तर वाटेत धोंडा येईल. सगळ्यांनी आमेन म्हटलं. इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. मी डोळे मिटून थांबले. खोकल्याचा आवाज झाला, चेन ओढल्याचा झाला. आणि मागून तुमचा आवाज आला, नेहमीसारखा, ना मोठा ना लहान. सरी.

तोवर मला त्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक झाला होता.

वर्ष गेलं. मी पाळणा बघून ठेवला होता, आगाऊ आभार मानत होते, डॉक्टरांकडे जायचं थांबवलं होतं. काही झालं नाही. मी ब्रदरांना फोन केला, तर ते हळू आवाजात म्हणाले की त्या खोलीत कुणीतरी एकमत मोडलं असणार. कोणी, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तर तुम्ही पश्चात्ताप केलेली बहीण होतात. मला मात्र माहीत होतं. मी बनशंकरीला यायची बंद झाले.

आणि एका शनिवारी सकाळी तुम्ही दोन बस बदलून बेळ्ळंदूरला आलात, हातात अवरेकाईची भली मोठी पिशवी. आपल्याकडच्या पावट्यासारख्याच या शेंगा, पण थंडीच्या दिवसांत बेंगळूर त्यांच्यासाठी वेडं होतं. सिक्युरिटीवाल्यानं खालून फोन केला, “कोणी अक्का आल्यात, शेंगा घेऊन.” तुम्ही आत आलात, चहा मागितलात, जमिनीवर पेपर पसरलात आणि सोलायला बसलात. मलाही बसवलंत. मी थोडा वेळ सोलत राहिले, मग माझ्याच्यानं राहवेना.

“अक्का, तुमचं एक आमेन कमी पडलं.”

तुमचे हात थांबले नाहीत. “तुझा देव माझ्या एका आमेनासाठी अडून बसलाय होय? मग त्याच्यापेक्षा मीच मोठी झालो की.”

“चेष्टा करू नका. तुमचं काय गेलं असतं? एक शब्द होता.”

“तुझ्यासाठी मी रोज मागतो,” तुम्ही म्हणालात. “मूल दे म्हणून मागतो, नाव घेऊन मागतो. मागायला माझी कधी ना नाही. पण त्या माणसानं देवाच्या तोंडात तारीख घातली. आणि ज्याला मिळणार नाही त्याला काय सांगायचं, ते काही ठरवलं नव्हतं त्यानं. मी तेवढंच बघत होतो. कुणीही काही शिकवलं की मी तेच बघतो. हे ज्याच्या बाबतीत खरं होणार नाही, त्याला हा माणूस उद्या काय सांगेल? त्याच्याजवळ बसेल, की त्यालाच धोंडा म्हणेल?”

ब्रदर फोनवर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

“मी त्या तारखेला आमेन म्हटलं असतं,” तुम्ही पुढे म्हणालात, “आणि तारीख निघून गेली असती, तर आज तुझ्या दारात कुठल्या तोंडानं आलो असतो?”

मग मी रडले, शेंगांवरच रडले. कारण ते खरं होतं. ज्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं होतं त्यातलं कुणीच वर्षभरात माझ्या घरी आलं नव्हतं. काही मेसेज आले, फुलांची चित्रं आली. लोक वाईट नव्हते, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं एवढंच. यायला मोकळ्या फक्त तुम्ही होतात.

पण मीही काही कमी नाही. डोळे पुसून मी म्हटलं, “तरी अक्का, मी सगळ्यांच्या मधे गुडघ्यांवर होते. मला त्या क्षणी कुणीतरी हवं होतं.” तुम्ही एक शेंग फोडलीत, आतला दाणा बघितलात, पेपरवर ठेवलात. मग म्हणालात, “ते सरी आहे तुझं. आमेन नको होतं, पण उठून हात धरायला पाहिजे होता. खुर्चीतच बसून राहिलो.” तिथे ‘सरी’चा अर्थ ऐकलं असा नव्हता, बरोबर असा होता. हाही अर्थ त्या शब्दाला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग तुम्ही डोक्याला हात लावून म्हणालात, “त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला तो तरी उपयोगी पडला बघ. उवा नाहीत एवढं कळलं.” मी रडता रडता इतकी हसले की अजय आतून बघायला आला.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिथे तुम्ही मला जास्त बोललात. मी ब्रदरांचं सगळं मोबाईलवरून पुसून टाकलं. मग बाकीच्यांचंही टाकलं. आता कुणाचं ऐकायचं नाही, सगळे सारखेच, गीतंसुद्धा नकोत, असं पुढच्या खेपेला तुमच्याबरोबर शेंगा सोलताना जाहीर केलं. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही पेपरवरची एक किडकी शेंग उचलून माझ्यापुढे धरलीत.

“हिचं काय करतीस?”

“टाकते.”

“आणि पिशवी?”

“पिशवी नाही टाकत.”

“मग झालं की. किडा दिसल्यावर ‘प्रभू भलं करील’ म्हणून शिजवायचं नाही, आणि किडा दिसला म्हणून पिशवी रस्त्यावर ओतायची नाही. बसून सोलायचं. कंटाळा येतोय, पाठ दुखतीय, पण दुसरा इलाज नाही.” आणि वर हेही विचारलंत, “सकाळी उठल्या उठल्या आभार मानायला तुला कुणी शिकवलं? त्यानंच न्हवं? मग ते ठेव की. दाणा चांगला आहे तो.”

याचा मला फार राग आला होता, अक्का. त्या माणसाची बाजू तुम्ही घ्यावी याचा. आपला हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं अजूनही असं आहे की काही पिशव्या खरंच रस्त्यावर ओताव्या लागतात, सोलत बसलं तर हातालाच वास राहतो. तुमचं म्हणणं होतं की आधी सोलून तर बघ, मग ठरव. एकदा वैतागून मी म्हटलं, “तुमचंच तेवढं सगळं खरं ना?” तर तुम्ही मनापासून दचकलात. “अय्यो, माझंही निवडूनच घे बाई. मला काय पंख फुटलेत?” तेव्हापासून मी तुमचंही निवडून घेते. गिटारबद्दलचं टाकलं. बाकी बरंचसं ठेवलं. आणि सकाळी उठून आभार मानते, तेही ठेवलंय. शिकवणाऱ्याचा राग यायचा तो आता येत नाही.

घरात पाळणा आला नाही. डॉक्टरांकडे परत गेलो, त्यांनी प्रामाणिकपणे जे सांगायचं ते सांगितलं, आणि एके दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं की आता पुरे. मला वाटलं होतं त्या दिवशी आभाळ कोसळेल. आम्ही घरी येऊन पोहे केले. आमचं बरं चाललंय अक्का, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. अजयनं बाल्कनीत टोमॅटो लावलेत, ते बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या घाण वासातही येतात. मी रविवारी रिंगरोडवर गाडी अडकली की अजयशी गप्पा मारते, आठवडाभरात तेवढाच निवांत वेळ मिळतो. एका रविवारी तुमच्या खोलीत मी मोठ्यानं प्रार्थना केली आणि त्या गर्दीबद्दलसुद्धा देवाचे आभार मानले. लोक हसले, आमेन म्हणाले. खोकला झाला, चेन झाली. आणि मग मागून तुमचं आमेन आलं. ते ऐकून मला किती बरं वाटलं ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. चहाला उशीर होत होता.

तुमचा शेवटचा आठवडा. हॉस्पिटलातली दुपारची भेटायची वेळ, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, खिडकीबाहेर कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. सकाळी कुणीतरी येऊन तुमच्या उशाशी मोठमोठ्यानं आजाराला ‘निघून जा’ असा हुकूम सोडून गेलं होतं, असं तुमच्या लेकानं सांगितलं. मी विचारलं, “मग अक्का काय म्हणाल्या?” तो म्हणाला, “काय म्हणणार? सरी.”

तुम्ही माझ्याकडे बघून मास्क जरा बाजूला केलात. “तू कर प्रार्थना. स्वल्पच कर.” मला घाम फुटला. तुमच्यासमोर प्रार्थना करायची म्हणजे एकेक शब्द उजेडात धरून बघावा लागायचा. बरं कर, असं मागितलं. मागायला तुमची ना नव्हती. तारीख घातली नाही. या वेळी तुमचा हात आधीच धरला होता. मी म्हटलं, “प्रभू, अक्कांना दुखू देऊ नकोस. भीती वाटत असेल तर त्यांच्याजवळ बस. आणि प्रभू, त्या दिवशी बनशंकरीच्या खोलीत अक्कांनी—”

“आमेन,” तुम्ही म्हणालात.

मास्कमधून, पण स्वच्छ. माझं वाक्य मधेच तोडून. पुरतं ऐकल्याशिवाय म्हणायचं नाही, असं जन्मभर शिकवणाऱ्या बाईनं. मी डोळे उघडून म्हटलं, “अक्का, अजून संपलं नव्हतं.” तुम्ही धरलेला हात तेवढा दाबलात आणि दुसऱ्या हातानं साकू, साकू अशी खूण केलीत. वाढणाऱ्याला पुरे म्हणून सांगताना करायचात तशी. मग डोळे मिटून पडून राहिलात. मला वाटलं, उद्या येऊन उरलेलं म्हणू. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुमच्या लेकाचा फोन आला.

ते वाक्य तेव्हापासून माझ्याजवळ पडून आहे. आज रविवार आहे, तुमच्याच घरी निघायचंय, लेकानं प्रार्थना चालू ठेवली आहे आणि अजय खाली गाडी काढतोय. निघायच्या आधी ते पुरं करते. प्रभू, त्या दिवशी बनशंकरीच्या खोलीत अक्कांनी माझ्यासाठी आमेन म्हटलं नाही, त्याबद्दल तुझे आभार.

तुमचं आमेन तर आधीच पोचलंय, अक्का. या वेळी उशीर मला झाला.